आठवी ते दहावी: शाळेतच करिअर मार्गदर्शनाचा अभ्यासक्रम कसा उभा करायचा

करिअर मार्गदर्शन म्हटलं की बहुतेक शाळांत ठरलेला कार्यक्रम असतो. जानेवारीत, पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली असताना, तालुक्याच्या गावातल्या कुठल्यातरी अकॅडमीचे सर येतात, शाल-श्रीफळ होतं, दीड तास भाषण, यूपीएससीचं एखादं उदाहरण, शेवटी अकॅडमीची माहितीपत्रकं वाटायची आणि आभार प्रदर्शन. मुलं जोरात टाळ्या वाजवतात कारण गणिताचा तास बुडालेला असतो. मग निकाल लागला की हीच मुलं गुणपत्रिकेची प्रिंट घेऊन ऑफिसच्या दारात उभी, सर आता काय करू, आणि तेव्हा फॉर्म भरायला चार दिवस उरलेले असतात.

हे लिहितोय ते मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेतल्या अशा शिक्षकांसाठी ज्यांना मुख्याध्यापकांनी जूनच्या पहिल्या मीटिंगमध्ये 'करिअरचं तेवढं तुम्ही बघा' असं सांगून टाकलंय. समुपदेशक नाही, बजेट नाही, आणि स्वतःचा विषय शिकवून जो वेळ उरेल तेवढाच हातात. तरी होतं, फक्त दहावीत सुरू करायचं नाही, आठवीत सुरू करायचं, आणि भाषण नको, वेळापत्रकात तास हवा. पंधरा दिवसांतून एक पुरतो. आठवडी मागायला गेलात तर कुणीच देणार नाही आणि दिलाच तर सहामाहीच्या आधी पोर्शनसाठी परत घेतील.

पहिलं काम वर्गात नाही, कपाटात आहे. मागच्या तीन वर्षांतल्या दहावीच्या बॅचेस काढा, दाखल्यांचं रजिस्टर आणि वर्गशिक्षकांकडचे जुने व्हॉट्सअॅप ग्रुप एवढं बास होतं, आणि एकेकाला फोन करून विचारा की दहावीनंतर कुठे गेलास, अजून तिथेच आहेस का, सोडलं असेल तर का सोडलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण दहावीतल्या दोन हुशार पोरी हाताशी घेतल्या तर आठवडाभरात उरकतं. यातून जे निघतं ते कुठल्याच पुस्तकात नसतं. एखाद्या गावात कळेल की सायन्सला गेलेल्यांपैकी बरेच जण मित्र गेला म्हणून गेले आणि बारावीत अडकले. दुसरीकडे कळेल की मुलींचं कॉलेज मार्कांवर ठरतच नाही, संध्याकाळच्या शेवटच्या एसटीवर ठरतं. एसटीचा प्रश्न असलेल्या गावात तुम्ही मुलींना 'आवड ओळखा' शिकवत बसलात तर काय उपयोग, तिथे आधी डेपो मॅनेजरला अर्ज करायला शिकवावं लागेल, आणि मुलींचा पास बारावीपर्यंत मोफत असतो हे पालकांना सांगावं लागेल.

दुसरं, चिठ्ठ्यांचा डबा. नाव न लिहिता प्रत्येकाने एक प्रश्न टाकायचा. पोलीस भरतीला उंची किती लागते (मुलांना १६५ सेंमी, मुलींना १५५, हे तोंडपाठ ठेवा, दरवर्षी येतं), सायन्स घेतलं तर इंग्रजी झेपेल का, गणित सोडून काय करता येतं, आणि मग अशा चिठ्ठ्या की 'वडील म्हणतात दहावी झाली की बास', 'मला कशातच आवड नाही'. अभ्यासक्रमाचा आराखडा या चिठ्ठ्यांवरून करायचा. करिअरच्या याद्या इंटरनेटवर ढिगाने पडल्यात, अडीचशे करिअरची पीडीएफ वर्गात वाचून दाखवली तर पोरं झोपतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

आठवी: आसपासची कामं

आठवीत कोर्सेसचं नावही काढू नका. इथे फक्त काम म्हणजे काय असतं ते बघायचं, जवळून. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलेत आणि सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक माणसांकडून शिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे मुख्याध्यापकांकडे परवानगी मागताना हे दाखवायला सोपं जातं. आणि हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबाग सरांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथून निघालेल्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करतात, वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया, गावात लोकांना लागतील अशा वस्तू आणि सेवा. तुमच्याकडे वर्कशॉप नसेल, नसू दे, मुलाखतीने सुरुवात करा.

मुलाखतीचा तास मात्र नीट बांधायला लागतो, नाहीतर परत भाषणच होतं. समजा गावातला लाईनमन बोलावलाय. त्याला उभं करून 'तुमच्या कामाबद्दल मुलांना दोन शब्द सांगा' म्हटलं की तो बिचारा 'अभ्यास करा, आईवडिलांचं नाव काढा' असंच बोलणार, कारण आपण सगळे तेच ऐकत मोठे झालोय. त्याऐवजी त्याला खुर्चीत बसवा, मुलं भोवती गोल, आणि पहिला प्रश्न ठरलेला: काका, काल सकाळी घरातून निघाल्यापासून रात्रीपर्यंत काय काय केलंत? कालच्या दिवसाबद्दल विचारलं की माणूस खरं बोलतो. डीपीवर फ्यूज उडाला होता, आधी सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घेतली, परमिट मिळाल्याशिवाय खांबावर चढत नाही, पाऊस होता, खाली चार जण 'लवकर करा' म्हणून ओरडत होते. मग पुढचे प्रश्न: हे काम कुणाकडून शिकलात, कुठला कागद लागला, कुठल्या महिन्यात डोक्यावर सगळ्यात जास्त काम असतं आणि कुठल्या महिन्यात जरा उसंत, शरीराचं काय दुखतं, परत आठवीत गेलात तर काय वेगळं शिकाल. पगार किती हे मुलं विचारतातच, विचारू द्या, पण धंदेवाल्या माणसाला तेवढा आकडा सांगायला अवघड जातं म्हणून महिन्यांच्या प्रश्नातून ते काढायचं. कुठल्या महिन्यात हात रिकामा असतो हे कळलं की मुलांना त्या धंद्यातला पैसा बरोबर समजतो.

शेवटची दहा मिनिटं पाहुणा गेल्यावरची. वहीत तीन गोष्टी लिहायच्या: या कामातलं मला काय जमेल, काय अजिबात जमणार नाही, आणि आज कळलेली अशी एक गोष्ट जी आधी माहीत नव्हती. 'लाईनमन व्हावंसं वाटतं का' हा प्रश्न आठवीत विचारायचाच नाही. एखाद्या मुलीला कळतं की तिला उंचीची भीती वाटत नाही, आणि दुसऱ्याला कळतं की चार लोक ओरडत असताना त्याचे हात चालत नाहीत, एवढं कळलं तरी तास वसूल.

पाहुण्यांची यादी करताना सगळे पुरुष, सगळे नोकरीवाले होतात हे लक्षात ठेवा, आपोआप होतं तसं. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाचं मसाल्याचं युनिट चालवणाऱ्या बाई, ट्रॅक्टर मेकॅनिक, रोपवाटिकेवाला, मेडिकल दुकानदार, जेसीबीचा ऑपरेटर, सगळे पाहिजेत. आणि वर्गातल्याच एखाद्याचे वडील चप्पल शिवतात किंवा आई ऊसतोडीला जाते, त्यांना बोलावताना आधी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारा. काहींना अभिमान वाटतो, काहींना त्या दिवशी शाळेत यावंसं वाटत नाही.

आठवीतच आणखी एक काम, एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. वर्षाला साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी ही परीक्षा आठवीत असते आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ज्या घरात 'दहावी झाली की बास' चालू असतं तिथे हे पैसे बोलतात, आपण बोलून होत नाही ते. म्हणून ही तयारी करिअरच्या आराखड्यातच धरा.

नववी: वाटा आणि कागद

नववीत वाटांचा नकाशा. भिंतीवर मोठा कागद, दहावी मधोमध, आणि तिथून अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निक अशा फांद्या मुलांनीच काढायच्या, गट करून, प्रत्येक गटाला एक वाट. आपल्याकडचे नकाशे नेहमी 'यातून काय होता येतं' एवढंच सांगतात, त्यात दोन रकाने वाढवा: इथे गेल्यावर कुठलं दार बंद होतं, आणि परत फिरता येतं का. खरं मार्गदर्शन या दोन रकान्यांत आहे.

उदाहरणं देतो. आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं असं पालकांना वाटतं. प्रत्यक्षात फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर हे दोन वर्षांचे ट्रेड केले की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे दार उघडं आहे, फक्त लांबून आहे, आणि मधे अप्रेंटिसशिपचा स्टायपेंडही मिळतो. उलट अकरावीला आर्ट्स घेतलं की बीएस्सी अॅग्री, फार्मसी, नर्सिंगची पदवी ही दारं बंद झाली, पण वकिलीचा पाच वर्षांचा कोर्स कुठल्याही शाखेची बारावी झाल्यावर सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, देऊन करता येतो. सायन्समध्ये गणित सोडलं तर इंजिनीअरिंग गेलं, एनडीएमधून (सैन्यातले अधिकारी घडवणारी प्रबोधिनी) हवाई दल आणि नौदल गेलं, पण लष्कराला एनडीएतून कुठल्याही शाखेची बारावी चालते. २०२२ पासून तिथे मुलीही जातात, हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी वर बघतं. सीएला अकरावीत कॉमर्सच पाहिजे असं नाही. बीबीए-बीसीएला २०२४ पासून सीईटी आली, हे अजून कित्येक पालकांच्या गावी नसतं आणि बारावीनंतर नुसतं कॉलेजात जाऊन फॉर्म भरायचा म्हणून पोरं निवांत बसतात. यातले नियम बदलतात, म्हणून नकाशावर प्रत्येक फांदीपाशी तारीख लिहायची, माहिती कुणी कुठून काढली ते लिहायचं, आणि पुढच्या नववीने पहिल्या तासाला तोच नकाशा तपासून दुरुस्त करायचा. अधिकृत वेबसाइट आणि क्लासवाल्याची जाहिरात यातला फरकही त्यांना इथेच कळतो, वेगळा धडा घ्यायला लागत नाही.

कलचाचणीबद्दल. आपल्या बोर्डाने २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी कलमापन सुरू केलं होतं, त्यामुळे बऱ्याच पालकांना 'कल' हा शब्द माहीत असतो. आता खाजगी चाचण्याही भरपूर निघाल्यात. चाचणी घ्यायला हरकत नाही पण रिपोर्ट म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. रिपोर्ट आला की मुलाशी बसून एवढंच विचारायचं, यातलं काय पटतं, काय पटत नाही, आणि आठवीच्या वहीत तू जे लिहिलंस त्याच्याशी जुळतं का. शाळेची भिंत सोडून काही न पाहिलेल्या पोराची आवड आधी तयार व्हावी लागते, मग मोजायची.

आता कागद. कुणी याला मार्गदर्शन मानत नाही पण माझ्या मते नववीच्या दुसऱ्या सत्रातले दोन तास यालाच गेले पाहिजेत. हातात जनरल रजिस्टरचा उतारा, आधार कार्ड, जन्म दाखला, आणि प्रत्येकाने स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळवून बघायची, मराठीत आणि इंग्रजीत. दत्तात्रयचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचं सापडणार, आईचं नाव एकीकडे माहेरचं. हे दहावीचा बोर्डाचा फॉर्म जायच्या आत दुरुस्त झालं तर झालं, नंतर बोर्डाच्या सर्टिफिकेटवर एकदा छापून आलं की मग प्रतिज्ञापत्रं, गॅझेट आणि चकरा.

मग जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, कुणाला काय लागतं, सेतूत किंवा आपले सरकारवर कसं मिळतं, मुदत कधी संपते, आणि व्यावसायिक कोर्सेसना पुढे जात पडताळणी लागते तिचे जुने पुरावे आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून कसे शोधायचे. आजोबा कुठल्या गावात शाळेत गेले हे विचारायला मुलं घरी जातात तेव्हा घरात निदान एकदा तरी शिक्षणाबद्दल बोलणं होतं, हा वरचा फायदा. बँक खातं मुलाच्या नावावर आणि आधारला जोडलेलं आहे का तेही बघा, शिष्यवृत्त्या तिथेच अडकतात.

दहावी: थोडंच, पण वेळेवर

दहावीत लोकांना उत्साह येतो, पण मुलांकडे वेळ नसतो. जुलै ते नोव्हेंबरपर्यंत जे करायचं ते करा, नंतर त्यांना सोडा. एक तास दोन बेतांचा: माझी पहिली पसंती काय, आणि मार्क अपेक्षेपेक्षा वीस टक्के कमी पडले तर काय. दुसरा बेत लिहिताना मुलं कचरतात, अपशकुन वाटतो, पण घरच्यांसमोर निकालाच्या दिवशी रडारड होते ती या कागदाने बरीच कमी होते. नापास होणाऱ्यांचा बेतही मोकळेपणाने सांगा, लगेच पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावी मिळते, आयटीआयचे काही ट्रेड दहावी नापासांनाही असतात. हे सगळ्या वर्गासमोर सांगायचं, कमी मार्कवाल्यांना वेगळं बसवून नाही.

दुसरा तास फॉर्मचा. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाला, आधी तो मोठ्या शहरांपुरता होता, त्यामुळे गावाकडच्या शिक्षकांनाही हे नवीनच आहे. दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम देता येतो, आणि क्रम कसा लावायचा हे आधी कागदावर करून बघितलेलं बरं. कोऱ्या कागदावर फॉर्म छापून द्या, मागच्या वर्षीचे कट-ऑफ द्या, आणि तीन काल्पनिक मुलांचे फॉर्म गटाने भरायला लावा. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर क्रम लावला जातो तेव्हा चाळीस किलोमीटरवरचं कॉलेज पहिल्या नंबरवर येतं, पहिलीच पसंती मिळाली की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, आणि घेतला नाही तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. हे एवढं जरी मुलांना पाठ झालं तरी पुष्कळ.

पालक

पालक सभा सकाळी अकराला ठेवली की शाळेत तेच दहा पालक येतात. संध्याकाळी साडेसातला, देवळाच्या सभामंडपात किंवा वस्तीवर ठेवा, आणि बोलायला माजी विद्यार्थी आणा, फार यशस्वी नको, दोन-तीन वर्षं पुढे असलेले. इलेक्ट्रिशियनचा आयटीआय केलेली मुलगी पुढे येऊन बोलली तर तुमच्या दहा भाषणांइतकं काम होतं. कारण समोरून प्रश्न येतोच,

'सर, पोरीच्या जातीला खांबावर चढायचं काम कशाला?'

आणि ती सांगते, 'मामा, मी खांबावर नाय चढत, कंपनीत पॅनल जोडते. मशीनवर बसून. आणि आमच्या लाईनला निम्म्या पोरीच हायेत.'

आपण मधे पडायचं नाही. फीचा विषय निघाला तर एवढं सांगायचं की २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सेसची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, सरकारी प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तर, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातून नाही. राहण्या-खाण्याचा खर्च उरतोच, तो लपवू नका.

जे करिअरमध्ये बसत नाही

तास नियमित झाला की मुलं इतर गोष्टीही सांगायला लागतात, आणि त्याची तयारी आधीच पाहिजे. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नका, कारण लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. आधीच सांगायचं, तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, बाकी आपल्यात राहील. नववीतली मुलगी दिवाळीनंतर येईनाशी झाली तर हजेरीवर लाल शाईची रेघ ओढून गप्प बसू नका, घरी जा, लग्नाची बोलणी चालू असतील तर गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ वर कुणीही फोन करू शकतं. मन फार खचलेल्या मुलासाठी १४४१६, टेलिमानस, मराठीतही बोलतात. हे दोन नंबर मुलींच्या आणि मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, नोटीस बोर्डावर कुणी सगळ्यांसमोर उभं राहून नंबर लिहून घेत नाही.

नोंदी आणि पुढच्या वर्षीची सोय

मार्क, श्रेणी काही देऊ नका. प्रत्येकाची एकच वही, आठवीत सुरू होऊन दहावीपर्यंत चालणारी, शाळेतच राहणारी. तुमचं काम जमलं का हे निकालाच्या दिवशी कळत नाही, ते दिवाळीनंतर कळतं. ऑगस्टमध्ये एकदा आणि डिसेंबरमध्ये एकदा गेलेल्या बॅचला फोन, कुठे आहेस, टिकलास का, काय आधी सांगायला पाहिजे होतं. सोडून दिलेल्याला रागावायचं नाही, फॉर्म नंबर १७ भरून बाहेरून बारावी करता येते, मुक्त विद्यालय आहे, पुढच्या वर्षीचा आयटीआय आहे, त्याला तेवढं सांगून ठेवायचं. आलेली उत्तरं त्याच पहिल्या रजिस्टरात जातात आणि जूनमध्ये आराखडा त्यावरून बदलतो.

अकॅडमीवाले तरी येतीलच. येऊ द्या, पण आठवीतल्या मुलाखतीसारखं खुर्चीत बसवून, आणि प्रश्न मुलांचे: तुमच्याकडे मागच्या वर्षी किती जणांनी प्रवेश घेतला, त्यातले भरती झालेले किती, मधेच सोडलं तर फी परत मिळते का. माहितीपत्रकं वाटायची तर ऑफिसात ठेवा म्हणावं, ज्याला पाहिजे तो घेईल.

आणि हे सगळं एका शिक्षकाच्या मोबाईलमध्ये ठेवू नका. बदली झाली, रिटायर झाले की तीन वर्षांचं काम जातं. पाहुण्यांची यादी, नकाशाचा फोटो, चिठ्ठ्यांमधले प्रश्न, कोऱ्या फॉर्मची मूळ प्रत, एका बॉक्स फाईलमध्ये, हजेरीच्या कपाटात, आणि प्रत्येक तासाला बरोबर अजून एक शिक्षक बसवायचा, शक्यतो ज्याची नोकरी तुमच्यापेक्षा जास्त उरलीय तो.